पुलापासून माघारी

इस्क्रेनने काठीचं टोक पडद्यावरच्या ठिपक्यांवरून हळूहळू खाली आणलं आणि रस्त्याच्या एका वळणावर टेकवलं.

"बाई, वकील बसने गेलाय."

वर्ग हसला. शिक्षिका झ्लातिना केहायोवाही हसली असती, पण ती वेगाचा रकाना पाहत होती. ताशी चाळीस, पस्तीस, पुन्हा चाळीस, उंची जमिनीलगत. ठिपके डोंगराच्या उतारावरून रस्त्याबरोबर वळत होते. एकही वळण त्यांनी चुकवलं नव्हतं.

वकील म्हणजे एक गिधाड. गळ्याभोवतीच्या पांढऱ्या पिसांमुळे मुलांनी त्याला ते नाव ठेवलं होतं. गावातल्या पक्षी केंद्राने सातवीच्या वर्गाला गेल्या वर्षीच्या काही गिधाडांच्या नोंदी दिल्या होत्या. प्रत्येकाच्या पाठीवर एक छोटं यंत्र बांधलेलं असतं. पक्षी कुठे आहे, किती उंचावर, किती वेगात, यंत्र किती गरम, हे सगळं ते दर काही मिनिटांनी पाठवतं. केंद्राच्या स्तामेनने बंद पडलेल्या यंत्रांच्या नोंदीही मुद्दाम दिल्या होत्या. "खऱ्या नोंदी साफसूफ नसतात, ते पोरांना कळू दे," असं तो म्हणाला होता. केंद्रातला संगणक असले विचित्र ठिपके चूक समजून आपोआप गाळून टाकतो. वकिलाच्या नावापुढे त्यांच्याकडे एवढंच लिहिलं होतं : मार्चमध्ये यंत्र बंद.

ते का बंद पडलं, हे इस्क्रेन आणि तोन्काने शोधायचं होतं.

"गिधाडाला रस्ता लागत नाही," तोन्का म्हणाली. तिने घरून तयारी करून आणली होती. "तो रात्रभर क्रिवो द्रेन खेड्याच्या वरच्या ओढ्यापाशी बसून होता. सकाळी गाडीत. गाडी खाली आली, पुलाच्या अलीकडे बराच वेळ थांबली, मग त्याच रस्त्याने परत वर गेली. तिथे नोंदी संपतात."

"विकायला आणला असणार," इस्क्रेन म्हणाला. "गिऱ्हाईक आलं नाही, म्हणून परत नेला. पेंढा भरून भिंतीला लावतात लोक. आमच्याकडे उतरलेला एक जर्मन सांगत होता."

"परत नेला कुठे?" मागून कोणीतरी विचारलं.

तोन्काने नकाशा मोठा केला. उपग्रहाच्या छायाचित्रात आधी टेकडी दिसली, मग घरांचा पुंजका, मग निळ्या पत्र्याचं एक छप्पर आणि शेजारी अक्रोडाचं झाड. शेवटचा ठिपका छपराच्या कडेला होता. झ्लातिनाचा हात माउसकडे गेला, पण तोपर्यंत सगळ्यांनी पाहिलं होतं.

"ते आमचं घर आहे," नेर्गिस म्हणाली.

हजेरी द्यावी तशा आवाजात ती बोलली. क्रिवो द्रेनहून बसने येणारी या वर्गात ती एकटीच होती.

"मग वकिलाचं सूप केलंत की काय?" इस्क्रेन म्हणाला.

दोघंतिघं हसले, बाकीचे हसले नाहीत.

"इस्क्रेन, काठी ठेव आणि जागेवर बस," झ्लातिना म्हणाली.

इस्क्रेनच्या आईच्या घरात पाहुण्यांसाठी चार खोल्या होत्या आणि त्या गिधाडांच्या जिवावर भरत. आर्दा नदीकाठच्या या गावातली अर्धी घरं तशीच चालतात. खाण बंद झाल्यावर दुसरं काही उरलं नाही. वरच्या खेड्यांत मेंढ्या आहेत आणि मेंढ्यांमागे लांडगे. कोणी मेलेल्या मेंढीत विष भरून ठेवतं, ते लांडग्यासाठी असतं, पण आधी तिथे गिधाडं उतरतात. कोण ठेवतं ते वर माहीत असतं आणि खाली अंदाज असतो. नाव कोणी घेत नाही.

संध्याकाळी स्तामेनचा फोन आला.

"पोरांनी काहीतरी शोधलंय म्हणे."

"अजून तपासतोय."

"झ्लातिना, नेर्गिसच्या बापाच्या, फिक्रेतच्या घराचं नाव निघालंय. गावभर झालंय. मला पोलिसांना कळवावं लागेल."

"मंगळवारपर्यंत थांब. अर्धवट नोंदी देऊन मी कोणाच्या दारात पोलीस पाठवणार नाही."

"मंगळवारपर्यंत," स्तामेन म्हणाला.

शनिवारी ती स्वतःच क्रिवो द्रेनला गेली. रस्ता चढताना वळणं ओळखीची वाटली. ठिपके असेच वळले होते. निळ्या पत्र्याच्या घराच्या वळचणीला तंबाखूच्या माळा वाळत होत्या. साखळीला बांधलेला कुत्रा उठून उभा राहिला, भुंकला नाही. नेर्गिसच्या आईने, सब्रियेने, अंगणातल्या टेबलावर कॉफी आणि धिरड्यांसारख्या ताज्या काटम्या आणून ठेवल्या. ती आत गेली, पण खिडकीपासून हलली नाही.

फिक्रेत हात धुऊन आला आणि पुसत पुसतच बसला.

"नेर्गिस अभ्यासात मागे पडली का, बाई?"

"नाही. उलट पुढे आहे."

"मग गिधाडासाठी आलात."

"हो."

त्याने कॉफीचा पेला फिरवला. नेर्गिस दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. त्याने तिला आत जा म्हटलं नाही.

"सकाळी ओढ्याला मेंढ्या नेल्या, तेव्हा ते बसलेलं होतं," तो म्हणाला. "मान खाली. मी जवळ गेलो तरी उडेना. त्याच आठवड्यात माझा एक कुत्रा तसाच गेला होता, म्हणून विष ओळखलं. कोटात गुंडाळलं, लाडा गाडीत मागे ठेवलं आणि केंद्राकडे निघालो. पुलापाशी पोचेपर्यंत मेलं."

"मग?"

"मग काय. परत आलो. अक्रोडाखाली पुरलं. ते यंत्र नदीत टाकलं."

"केंद्रात जाऊन सांगायचं होतं, फिक्रेत-आगा."

"काय सांगायचं? हे घ्या मेलेलं गिधाड, मी मारलेलं नाही?" त्याने पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. "बाई, मी तुमच्या दारात तसा आलो असतो, तर तुम्ही विश्वास ठेवला असता?"

झ्लातिनाने काटमीचा तुकडा मोडला. उत्तर द्यायला तिला जितका वेळ लागायला हवा होता, त्याहून जास्त लागला.

"ठेवला असता," ती म्हणाली.

फिक्रेतने मान डोलावली, जणू ते उत्तर त्याने आधीच मोजून ठेवलं होतं. "विष मी घालत नाही. कोण घालतं ते माहीत नाही, असंही म्हणत नाही. पण ते तुम्ही मला विचारू नका."

ती निघताना त्याने मुलीला विचारलं, "घर आपलं आहे, हे तूच सांगितलंस ना वर्गात?"

"नकाशात दिसत होतं," नेर्गिस म्हणाली.

"दिसत होतं, तर मग तू कशाला बोललीस?"

तिने खांदे उडवले. तो रागावलेला दिसत नव्हता. त्याला खरोखरच कळत नव्हतं.

सोमवारी झ्लातिनाने वर्गात विषय काढायच्या आत नेर्गिस उभी राहिली.

"बाबा म्हणतात, ते पुलापाशी मेलं. केंद्रात न्यायलाच निघाले होते. ते खरं आहे का, ते बघता येईल. तापमानाचा रकाना कोणी उघडलेलाच नाही."

खरंच कोणी उघडला नव्हता. झ्लातिनानेही नाही. तोन्काने तो उघडला, आणि नेर्गिस फळ्यापाशी जाऊन एकेक आकडा रेघेवर मांडू लागली. ओढ्यापाशी थंड. कोटात गुंडाळून गाडीत ठेवल्यावर आकडे चढले आणि सारा उतार ऊबदार राहिले. पुलापाशी रेघ खाली वळली आणि घसरतच गेली.

"मेला," इस्क्रेन म्हणाला. मग तो पुन्हा म्हणाला, "म्हणजे, बरोबर आहे. तिथेच मेला. तिचे बाबा म्हणतात तसंच."

त्याने खिशातली सूर्यफुलाच्या बियांची पुडी काढली आणि नेर्गिसच्या रिकाम्या बाकावर ठेवली. वर्गात बिया आणायला बंदी होती. झ्लातिनाने न पाहिल्यासारखं केलं. तिला स्वतःलाही हलकं वाटत होतं; स्तामेनला काय लिहायचं, त्याची वाक्यं तिच्या मनात जुळू लागली होती.

"छान. हे जपून ठेवा," ती म्हणाली. "तोन्का, याची एक प्रत—"

"पुढचे ठिपके राहिलेत, बाई."

नेर्गिस अजून फळ्यापाशीच होती.

"परतीचे ना? आता त्यांचं काय?"

"राहिलेत," नेर्गिस म्हणाली. तोन्काने आकडे वाचले, ती मांडत गेली. पुलापासून गाडी माघारी वळली, आणि थोड्याच वेळात रेघही वर वळली. आधी जरा, मग बरीच. निळ्या पत्र्याच्या घरापर्यंत ती जवळजवळ आधीच्या उंचीला आली होती. तिथे ती संपली.

"मेलेलं गिधाड गरम कसं होईल?" तोन्काने विचारलं.

"हीटर," इस्क्रेन लगेच म्हणाला. "गाडीत हीटर असतो की. लावला असेल त्यांनी."

सगळे नेर्गिसकडे पाहू लागले. तिच्या बोटांना खडू लागला होता. तो तिने स्कर्टला पुसला.

"आमच्या लाडाचा हीटर चालत नाही."

"मग ऊन आलं असेल. काचेतून."

झ्लातिनाने धरणावरच्या हवामान केंद्राच्या नोंदी पडद्यावर आणल्या. तो दिवस सापडायला वेळ लागला नाही. दिवसभर ढग, दुपारपर्यंत पावसाबरोबर बर्फ. ऊन नव्हतं.

"मग पुलापाशी रेघ खाली का गेली?" इस्क्रेनचा आवाज चढला. "जिवंत होता, तर थंड का झाला? सांग ना."

"मागचं दार उघडलं असेल," नेर्गिस म्हणाली. "बाबा गाडीत सिगारेट ओढत नाहीत. आईला वास येतो. ते मागचं दार उघडून तिथे बसतात आणि ओढतात."

"अगं, पण आम्ही मानलं होतं." इस्क्रेन उभा राहिला होता. "झालं होतं सगळं. तू नक्की कोणाच्या बाजूने आहेस?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याला टोमणा मारायचा नव्हता, हे तिलाही कळलं असावं. तिने खडू डबीत ठेवला आणि ती जागेवर जाऊन बसली. बियांची पुडी तिने बाजूला सारली, परत दिली नाही.

"काय लिहायचं, बाई?" तोन्काने विचारलं. "जिवंत होता, असं लिहायचं?"

झ्लातिना फळ्यासमोर उभी राहिली. रेघेचा तो खड्डा आणि त्यानंतरचा चढ तिने दोनदा पाहिला. दुसरं कारण असू शकेल का, हा प्रश्न ती मुलांना वर्षभर विचारत आली होती. आज तिला स्वतःला दुसरं कारण हवं होतं, आणि सापडत नव्हतं.

"यंत्र पुलापाशी थंड झालं आणि परतीच्या वाटेवर पुन्हा गरम झालं," ती म्हणाली. "एवढंच लिहा. जे मोजलंय, तेवढंच."

"पण मग—"

"एवढंच, तोन्का."

घंटा झाल्यावर मुलं बाहेर पडली. नेर्गिस मागे राहिली.

"मला याची एक प्रत मिळेल?"

"नेर्गिस, घरी दाखवलंच पाहिजे असं नाही."

"बाबांना वाचता येतं," ती म्हणाली.

झ्लातिनाने छापील कागद तिच्या हातात दिला. तिने तो वहीत सरळ ठेवला, घडी पडू दिली नाही.

मंगळवारी सकाळी लाडा शाळेच्या फाटकाबाहेर उभी होती. फिक्रेत बाहेर उभा होता आणि नेर्गिस त्याच्याशेजारी. आज ती बसने आली नव्हती. झ्लातिना गाडी लावून उतरली, तसा तो दोन पावलं पुढे आला. कागद त्याच्या हातात होता.

"यात पूल कुठला?" त्याने विचारलं.

नेर्गिसने त्याला सांगितलं असणारच. तरी झ्लातिनाने बोट ठेवून दाखवलं.

"आणि हे वर जातंय, ते घरी येताना."

"हो."

"इथं रेघ संपते."

"यंत्र पत्र्याखाली गेलं की त्याचा निरोप पोचत नाही. उन्हाशिवाय बॅटरीही उतरते."

"गोठ्यात ठेवलं होतं. पेंढ्यावर." तो थांबला. रस्त्यावरून दुधाचा टेम्पो गेला. "पुलापाशी त्यानं मान वर केली होती. मी दार उघडून बसलो होतो, माझ्याकडेच बघत होतं. पुलावरून केंद्र दिसतं, बाई. दारात पोलिसांची जीप होती. मी सिगारेट संपवली आणि गाडी वळवली."

"शनिवारी तुम्ही वेगळं सांगितलंत."

"हो," फिक्रेत म्हणाला.

त्याने कागद लाडाच्या बॉनेटवर पसरला, आणि त्याचं जाड बोट रेघेच्या शेवटावरून पुढे सरकलं. आकडे संपले, चौकटी संपल्या, तरी ते कोऱ्या कागदावर थोडं आणखी गेलं आणि थांबलं.

"इथं," तो म्हणाला. "मी पाणी पाजत होतो चमच्यानं. थोडं प्यायलंही."

"किती वाजता?" नेर्गिसने विचारलं.

"घड्याळ नाही पाहिलं. तू बसमधून उतरलीस, त्याच्या जरा आधी. तू मला विचारलं होतंस, गोठ्याला कडी का लावलीय म्हणून."

नेर्गिस कागदाकडे पाहत राहिली. मग दप्तर उघडून तिने पेन्सिल काढली. बापाच्या बोटाशेजारी एक छोटं वर्तुळ काढलं, आतून रिकामं ठेवलं, आणि त्याच्या खाली बारीक अक्षरांत लिहिलं : फिक्रेत हसान यांनी पाहिलं.

"हे असं पोकळ का?" त्याने विचारलं.

"यंत्रानं मोजलेले भरीव असतात."

"आणि हे?"

"हे तुम्ही सांगितलेलं."

त्याने बराच वेळ त्या वर्तुळाकडे पाहिलं, मग स्वतःच्या नावाकडे. कागद उचलला. घडी घालावी की नाही ते त्याला ठरवता येईना, तेव्हा त्याने तो तसाच मुलीच्या हातात दिला.

"स्तामेनला हे आजच द्यायचंय ना?" त्याने झ्लातिनाला विचारलं.

"आजच."

"मग मीच नेतो."

तो लाडात बसला. पहिली घंटा झाली होती आणि फाटकातून शेवटची मुलं पळत आत जात होती. इस्क्रेन फाटकात क्षणभर रेंगाळला आणि मग तोही आत गेला. नेर्गिस दोन्ही हातांत कागद सपाट धरून पलीकडच्या बाजूने बापाशेजारी जाऊन बसली. झ्लातिनाने तिला हाक मारली नाही. ती वर्गात गेली, हजेरी घेतली, आणि नेर्गिसच्या नावापुढे हजर लिहिलं.